शेजारच्या सीटवरचा ब्रेक

आमच्या ह्यांनी त्या महिन्यात गाड्या नापास करायचा सपाटाच लावला होता. एकीच्या दाराची फट वर रुंद आणि खाली अरुंद, म्हणजे कुठेतरी जोरात ठोकलेली. दुसरीच्या डिकीत स्टेपनीखाली गंज. तिसरीच्या खिडकीच्या रबरावर रंगाचे शिंतोडे, म्हणजे ती बाजू पुन्हा रंगवलेली. चौथी बघायला गेलो तर ह्यांनी बॉनेटवर नुसता तळहात ठेवला. "आपण यायच्या आधीच गरम करून ठेवलीय. थंड असताना सुरू होत नसणार," असं म्हणून जे वळले ते थेट घराच्या दिशेने. एकाही गाडीत ते बसले नाहीत. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. पण इथे नाचायचं होतं मला, आणि अंगण वाकडं ठरवत होते हे.

गाडी हवी होती ती ह्यांच्याच डोळ्यांपायी. समोरचं ह्यांना स्वच्छ दिसतं, वर्तमानपत्रातलं बारीक अक्षरसुद्धा वाचतात. पण दोन्ही बाजूंनी काळोख हळूहळू आत सरकत आलाय. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, यापुढे स्टिअरिंगला हात लावायचा नाही आणि दर महिन्याला तपासायला यायचं. दवाखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. आमच्या रस्त्यावरून जाणारी बस बंद झालेली. मुलगा म्हणाला, "दोघंही आमच्याकडे या." मुलगा चांगला आहे, सूनबाई तर त्याच्याहून चांगली. पण त्यांचं घर नवव्या मजल्यावर, आम्हाला मिळणाऱ्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते, आणि कपडे यंत्रात वाळतात. मी आयुष्यभर एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात मुकादम होते. घरामागे माझी स्वतःची दोरी आहे, तिच्यावर ऊन आणि वारा दोन्ही येतात. ती दोरी सोडून मला कुठेही जायचं नव्हतं.

मुलाला मी फोनवर सांगून टाकलं, "महिनाअखेरपर्यंत गाडी मिळाली आणि तुझे बाबा माझ्या शेजारी बसले, तर आम्ही इथेच राहणार. नाहीतर ये व्हॅन घेऊन."

"बाबा बसतील?" त्याने विचारलं.

घोडं तिथेच तर पेंड खात होतं.

आमचे हे साधेसुधे प्रवासी नाहीत. ह्यांची गाडी शिकवायची शाळा होती. अर्ध्या शहराला ह्यांनी क्लच सोडायला शिकवलं. शाळेच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही एक ब्रेक असतो, शिकणारा गडबडला की तो मारायचा. ह्यांचा पाय त्या ब्रेकवर इतका तत्पर, की पोरं ह्यांना 'ब्रेकसर' म्हणायची. शाळा बंद होऊन वर्षं झाली, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. बसमध्ये बसले तरी सिग्नल लाल झाला की ह्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जातो. मुलाच्या गाडीत बसले की उतरल्यावर पोटरी चोळत बसतात.

आणखी एक खोड. शाबासकी म्हणून कोणाला दिली नाही कधी. विद्यार्थी तयार झाला, आता ह्याला आपली गरज नाही असं वाटलं, की चालत्या गाडीत हे उजव्या पायातला बूट काढून ठेवायचे आणि पाय वर सीटवर घेऊन बसायचे. बस्स. तेवढंच. पण सगळ्यांना त्याचा अर्थ माहीत होता. "सरांनी बूट काढला!" असं सांगत पोरं घरी पळत जायची. खरी परीक्षा पुढे व्हायची ती नावापुरती.

माझ्यासाठी तो बूट निघाला नव्हता. लग्न नवीन असताना ह्यांनी मला शिकवायला घेतलं. इतक्या वेळा ब्रेक मारला, इतक्या वेळा मारला, की मी भर रस्त्यात गाडी उभी करून उतरले आणि घरी चालत आले. घर लांब होतं. त्यानंतर मी या विषयात मूग गिळून बसले, ते थेट यंदापर्यंत. यंदा मी गुपचूप नाही, चांगली सांगून-सवरून दुसऱ्या शाळेत गेले. तिथली मास्तरीण माझ्या सुनेहून लहान. दुसऱ्या खेपेला पास झाले. ह्यांनी त्यावर एक प्रश्न विचारला नाही. फक्त एकदा जेवताना म्हणाले, "हल्ली कोणालाही पास करतात."

तेव्हा हे गाड्यांना नापास करत होते की मला, हे कळायला मला काही फार शिकावं लागलं नाही.

पाचवी गाडी एका दात बनवणाऱ्याची होती. म्हणजे दातांचा डॉक्टर नव्हे; डॉक्टर माप देतात, हा कवळ्या बनवून देतो. त्याच्या घराच्या दर्शनी खोलीतच त्याचं काम चालायचं. टेबलावर गुलाबी हिरड्या ओळीने वाळत घातलेल्या. तो बोलताना डोळ्यांत बघत नव्हता, तोंडात बघत होता. मी ओठ मिटून घेतले. त्याच्या बायकोला जुळं होणार होतं, म्हणून ही लहान गाडी काढून मोठी घ्यायची होती.

गाडी बाहेर उभी होती. पिकून गेलेल्या टोमॅटोच्या रंगाची, छपरावर तो रंगही विटलेला. जुनी, स्वस्तातली, चारचौघांसारखी. अशा गाड्या रस्त्यावर पैशाला पासरी दिसतात, म्हणून मला ती आवडली. तिचे भागही कुठल्याही दुकानात मिळणार.

ह्यांनी बॉनेटवर हात ठेवला. गार. एक अडचण गेली. मग हे बोटांनी गाडी वाचायला लागले. दारांच्या फटींतून बोट फिरवलं, सगळीकडे सारखी. रबराच्या पट्ट्या चाचपल्या. टायरवरून तळवा फिरवला, आतून आणि बाहेरून झीज सारखीच. तेलाचं झाकण काढून आतल्या बाजूला बोट लावलं, हुंगलं, मला दाखवलं.

"पांढरं काही आहे का? सायीसारखं?"

"नाही. काळं आहे."

"काळं चालतं. पांढरं म्हणजे तेलात पाणी."

डिकीतली चटई उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात हात घातला. कोरडा. मी मनातल्या मनात दोरीवर कपडे घालायला सुरुवात केली.

"पूर्वी कोणाची होती?" ह्यांनी विचारलं.

"एका निवृत्त बाईंची, असं मला सांगितलं होतं," दातवाला म्हणाला. "मंडईत जाण्यायेण्यापुरती वापरायच्या म्हणे. मीटर बघा ना, किती कमी फिरलीय."

मी तोवर मागचं दार उघडून सीटा बघत होते. कापडाचं मला कळतं. मागची सीट कोरी करकरीत, तिच्यावर माणूस बसलाय की नाही अशी शंका यावी. पुढची चालकाची सीट बसून बसून दबलेली, ते समजण्यासारखं होतं. पण शेजारचीही तितकीच दबलेली होती. काठाचा धागा विरलेला, उजव्या मांडीखालचं कापड तर अगदी तुळतुळीत.

"बाई मंडईत एकट्या जायच्या ना?" मी म्हणाले. "मग शेजारी रोज कोण बसायचं?"

"नवरा असेल," दातवाला म्हणाला.

ह्यांचे कान टवकारले गेले. ते चालकाच्या बाजूने वाकले आणि हाताने पेडलं चाचपली. "रबर सपाट झालंय," ते स्वतःशीच म्हणाले. "मीटर सांगतंय त्याच्याहून पुष्कळ जास्त." मग गाडीला वळसा घालून आले आणि शेजारच्या सीटवर बसले. त्या महिन्यात पहिल्यांदा. पाय लांब केले. उजवा पाय जरा पुढे गेला, जरा डावीकडे सरकला आणि एका जागी थांबला.

तिथेच थांबला.

मग ह्यांनी वाकून पायाखालची चटई उचलली, खालचा गालिचा चाचपला आणि माझं बोट धरून तिथे टेकवलं. गालिच्यात दोन भोकं होती, आणि भोकांत रबरी बुचं बसवलेली.

"इथे ब्रेक होता," हे म्हणाले. "ही शाळेची गाडी आहे."

दातवाल्याचं तोंड उघडंच राहिलं. त्याला खरंच माहीत नव्हतं; इतकं चांगलं सोंग आणणारा माणूस कवळ्या बनवत बसत नाही. मला मात्र पुढचं दिसायला लागलं. कारण ह्यांचा एक नियम सगळ्या ओळखीच्यांना पाठ होता. कोणी जुनी गाडी घ्यायला निघालं की हे सांगायचे, शाळेची गाडी घेऊ नका. तिला शंभर जणांनी धक्के दिलेले असतात आणि शंभर जणांनी शिव्या. म्हणजे हीही नापास. आता महिनाअखेर, व्हॅन, नववा मजला, भिंत. दोरीवर मनातल्या मनात घातलेले कपडे मी मुकाट्याने काढायला लागले.

पण हे उतरले नाहीत. पाय तिथेच होता.

"चालवून बघितल्याशिवाय क्लचचं कळणार नाही," हे समोर बघत म्हणाले. "चल. चालव."

मी किल्ली घेतली. दातवाला गुडघे हनुवटीला लावून मागच्या कोऱ्या सीटवर बसला. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं आणि ह्यांनी मान जरा तिरकी करून ऐकलं.

"हँडब्रेक ओढलेलाच ठेव. तिसऱ्यात टाक. आता क्लच सोड."

मी सोडला. गाडी चटकन बंद पडायला हवी होती. ती जरा वेळ घरघरत राहिली, मग नाइलाजाने बंद पडली.

"क्लचप्लेट संपत आली," हे म्हणाले. "शाळेची गाडी म्हटल्यावर आलंच ते. निघ."

निघालो. क्लच अगदी वर येऊन पकडत होता, पण मला त्याची जागा लवकर सापडली. पहिला गिअर, दुसरा. कोपऱ्यावर हे म्हणाले, "आरसा." मी म्हणाले, "बघितला." पुढच्या वळणावर म्हणाले, "हळू." मी म्हणाले, "हळूच आहे." लग्नातल्या अर्ध्या गप्पा आमच्या याच चालीवर झाल्यात. दर थोड्या वेळाने ह्यांचा पाय खाली दाबला जात होता. त्याचा बारीक आवाज मला ऐकू येत होता आणि प्रत्येक वेळी मला नव्या लग्नाइतकाच राग येत होता. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं मी मनात म्हणाले आणि मग वाटलं, असं मनातसुद्धा म्हणू नये.

फर्निचरच्या दुकानांचा रस्ता लागला. ह्यांच्या बाजूला टेम्पो ओळीने उभे. मला दोन टेम्पोंच्या मधून चार पाय दिसले. नुसते पाय. वर एक भलीमोठी गादी. दोन माणसं ती डोक्यावर घेऊन रस्त्यात शिरत होती, आणि गादीखालून त्यांना आम्ही दिसणं शक्यच नव्हतं. मी ब्रेक मारला. गाडी एक गचका देऊन उभी राहिली. गादी आमच्या अगदी नाकासमोरून, सावकाश, एखाद्या मोठ्या घरच्या पाहुणीसारखी पलीकडे गेली. गादीवाल्यांना शेवटपर्यंत काही कळलं नाही.

ह्यांचा पाय जमिनीत रुतलेला होता. ह्यांनी सुस्कारा सोडला आणि मागे वळून दातवाल्याला म्हणाले, "बघितलंत? वेळेवर मारला म्हणून. अशा वेळी नजर पाहिजे."

दातवाला बिचारा सरळ माणूस. तो म्हणाला, "पण काका, तुमच्याकडे ब्रेक कुठाय?"

मला त्या दातवाल्याचा असा संताप आला, की त्याचे दात त्यालाच बनवायला लावावेत. चाळीस वर्षं मला हेच ऐकायचं होतं, ह्यांना कोणीतरी हेच सांगावं म्हणून मी तळमळले होते, आणि आता कोणी सांगितलं तर मला रडू येत होतं. ह्यांनी मान खाली घातली. पायाकडे बघितलं. पाय हळूच उचलला, खाली काहीच नव्हतं. चटई होती.

"दोघांनी मारला," मी म्हणाले.

"नाही," हे म्हणाले. मग जरा थांबून, "ती माणसं कुठून आली?"

"तुमच्या बाजूने. टेम्पोंच्या मधून."

"मला समोर आल्यावर दिसली." हे समोरच बघत होते. "तुला आधी दिसली?"

"पाय दिसले."

"पाय," हे म्हणाले. "बरोबर. गाडीखालून पाय बघायचे असतात. कोणी शिकवलं?"

कोणी शिकवलं म्हणजे! ज्या दिवशी मी उतरून चालत आले, त्याच्या आदल्या दिवशी ह्यांनीच ते माझ्या डोक्यात ओरडून ओरडून घातलं होतं. मी तसं सांगितलं. मागे कोणीतरी हॉर्न वाजवला, मी पहिला गिअर टाकला आणि आम्ही निघालो. परत येईपर्यंत ह्यांनी आरसा म्हटलं नाही, हळू म्हटलं नाही. इतकी शांतता मला या माणसाबरोबर गाडीत कधी मिळाली नव्हती, आणि मला ती मुळीच आवडली नाही.

दातवाल्याच्या दारात गाडी उभी केली. मला वाटलं, संपलं. हे उतरतील, दार लावतील आणि घराकडे चालायला लागतील. मग घरी कधीच काही बोलणार नाहीत.

हे उतरले. दार लावलं. छपरावर हात ठेवून उभे राहिले.

"क्लचप्लेट नवीन टाकून द्यायची," दातवाल्याला म्हणाले. "माझ्या ओळखीचा मिस्त्री आहे, तो टाकेल, तुम्ही भरायचे. बाकी इंजिन उत्तम आहे. शाळेची गाडी कधी जोरात पळत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये अख्खं आयुष्य जातं तिचं."

"घेताय?" दातवाल्याने विचारलं.

हे माझ्याकडे वळले. मला नीट बघायला ह्यांना आता मान पूर्ण वळवावी लागते, तशी वळवली. "तुला आवडली?"

चार गाड्यांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

"रंग धुवून निघण्यासारखा नाही," मी म्हणाले. "पण आवडली. शाळेची गाडी घेऊ नये ना पण?"

"घेऊ नये," हे म्हणाले. "लोकांनी."

त्या संध्याकाळी मुलाचा फोन आला तेव्हा ह्यांनीच उचलला. "ये ना," म्हणाले, "जरूर ये. खोकी नको आणूस." आणि फोन माझ्या हातात देऊन आत गेले. मुलगा विचारत होता, आई, काय झालं, आणि मला नीट सांगताच येईना.

मिस्त्रीकडून गाडी आली, त्याच आठवड्यात दवाखान्याची तारीख होती. सकाळी निघालो. नवा क्लच लोण्यासारखा. घराजवळच्या रस्त्यांवर ह्यांचा पाय एकदा दाबला गेला, मग चौकात एकदा. फर्निचरच्या दुकानांच्या रस्त्यावर टेम्पो तसेच उभे होते. मी हळू केलं, चाकांच्या मधून बघितलं, कोणाचे पाय नव्हते. मोठ्या रस्त्याला लागलो. तिथे हे एकदम पुढे वाकले.

"काय झालं? चक्कर येतेय?"

"काही नाही."

खाली वाकून हे काहीतरी चाचपत होते. मला वाटलं चष्म्याचं घर पडलं. मग मला बुटाच्या नाडीची गाठ सुटल्याचा आवाज आला. चालत्या गाडीत तो आवाज मी कधी ऐकला नव्हता, पण ओळखला. ह्यांनी उजव्या पायातला बूट काढला, जिथे ती दोन बुचं होती तिथे नीट ठेवला आणि पाय वर सीटवर घेऊन बसले. मोज्याला अंगठ्याशी भलंमोठं भोक होतं. असा मोजा घालून दवाखान्यात निघालेल्या माणसाला मी एरवी दारातूनच परत पाठवलं असतं.

मी त्या अंगठ्याकडे बघत राहिले.

"समोर बघ," हे म्हणाले.

मी समोर बघितलं. जरा धूसर दिसत होतं, म्हणून हळू केलं, डोळे पुसले आणि तिसऱ्यात टाकली.